नानांनी उचललेली टिप

मंडळी, ऐका! मघाशी दानाचं निरूपण झालं. तुम्ही माना डोलावल्या, मला बरं वाटलं. पण मान डोलावणं सोपं असतं हो! आता एक प्रश्न विचारतो. उत्तर माझ्याकडे बघून देऊ नका, आपापल्या मनाकडे बघून द्या.

दिल्याने कुणाचा अपमान होतो का?

होतो? शाबास! आणि न दिल्याने? — काय म्हणता मावशी? तोही होतो? अरेच्चा! म्हणजे दिलं तरी अपमान, नाही दिलं तरी अपमान! मग भल्या माणसानं करावं तरी काय? हात खिशात घालावा, की खिशातून काढावा?

गप्प झालात! आमचे पेटीवाले आबासाहेबसुद्धा गप्प! नाहीतर हे माझ्या बोलण्याच्या मध्येच सूर भरतात.

आणि एक आधीच सांगतो. आरतीचं ताट यायचंय, म्हणून बुवा देण्याघेण्याचा विषय काढतायत असं कुणी मनात आणू नका. — आणलंत ना? चेहऱ्यावर दिसतंय! असू दे. गोष्ट ऐका, मग ठरवा.

आजरा तालुक्यात परशराम तोडकर म्हणून एक गृहस्थ. पोस्टमन. तेहतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं. सगळा मुलूख त्यांना नाना म्हणायचा. आणि नानांची एक ख्याती होती — हा माणूस बक्षिसी घेत नाही!

आता तुम्हाला ठाऊक आहे, पूर्वी मनीऑर्डर आली म्हणजे घरात सण! पोस्टमनच्या हातावर काहीतरी ठेवायचं, ही रीतच. दिवाळीला पोस्त द्यायची, ही रीत. पण नाना? छे! एकदा एका म्हातारीनं त्यांच्या खिशात नोट कोंबली, तर नानांनी सायकल उभी केली, परत गेले, नोट तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "आजी, गूळपाणी द्या. ते पोटभर घेतो. पण ही नोट माझी नव्हे. मला सरकार पगार देतं."

म्हातारी म्हणाली, "आरं, माझा आनंद हाय त्यो!"

"आनंद हाय तर गूळ जास्त द्या!"

असा माणूस! घ्यायचं नाही. आणि मंडळी, इथं कान द्या — द्यायचंही नाही! हॉटेलात गेले, लग्नाच्या हॉलवर गेले, नानांनी कधी कुणाच्या हातावर बक्षिसी ठेवली नाही. कंजूष होते? मुळीच नाही! पावसात एकाचं घर पडलं, तर नानांनी स्वतःच्या गोठ्याचे पत्रे काढून दिले. मग बक्षिसी का नाही? विचारलं तर म्हणायचे, "काम करणाऱ्याला पगार द्यावा, मान द्यावा. बक्षिसी देऊन त्याला माझ्यापुढं वाकवणारा मी कोण?"

वा! केवढा मोठा विचार! वाटतो की नाही मोठा? मलाही वाटला. आता हा मोठा विचार विमानात बसला!

नानांची एकुलती लेक वैजयंती. घरातली वैजू. शिकली, लग्न झालं, आणि नवऱ्याबरोबर अमेरिकेत ओहायो नावाच्या राज्यात गेली. एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. नानांची पत्नी, आमच्या काकू, वारल्यावर लेकीनं धोसरा लावला — "नाना, सहा महिने या. एकटे काय करता तिथे?" नाना अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसले. उतरल्यावर पहिलं वाक्य काय? "वैजू, इथलं पोस्ट कुठं आहे गं?"

हसू नका! माहेर आहे ते त्यांचं!

पण तिकडे काय होतं, ठाऊक आहे? सकाळी आठला लेक जाते, जावई जातो, दार बंद. शेजारी माणूस नाही. रस्त्यावर माणूस नाही. कुत्रंसुद्धा साखळीला बांधून फिरवायला आणतात! तेहतीस वर्षं रोज दोनशे दारं ठोठावलेला माणूस — आणि ठोठावायला एक दार नाही! नाना सुकायला लागले.

मग एक दिवस चालता चालता त्यांना कोपऱ्यावर एक हॉटेल सापडलं. न्याहारीचं हॉटेल, आपल्या एस. टी. स्टँडसमोर असतं ना, तसं. गर्दी, बशांचा आवाज, कॉफीचा वास. नाना खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसले. आणि तिथे वाढायला एक बाई होती. साठीला आलेली, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला, डाव्या गुडघ्यानं थोडी लंगडणारी. नाव लोरेटा.

ती आली आणि म्हणाली — मराठीतच सांगतो हं, माझं इंग्रजी तुम्हाला झेपायचं नाही! — म्हणाली, "काय आणू, हनी?"

हनी! म्हणजे मध! आमचे नाना कानाच्या पाळीपर्यंत लाल! अहो, सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात काकूंनी कधी 'अहो'च्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं! नंतर वैजूनं सांगितलं, नाना, इथे सगळ्यांनाच तसं म्हणतात. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. — थोडा हिरमुसलासुद्धा, पण ते जाऊ दे.

नानांनी कॉफी मागितली. ती पिऊन संपवली, तर लोरेटा किटली घेऊन आली आणि कप परत भरला. पुन्हा संपवला — पुन्हा भरला! आणि बिल? एकाच कपाचं! नानांना वाटलं, हा काय देश आहे! तीन-चार दिवसांनी तर कॉफीबरोबर लोणी लावलेल्या टोस्टची बशीही आली. मागितली नव्हती. बिलात बघतात तर नुसती कॉफी! नानांनी मनाशी ताडलं — आपल्याकडे मिसळीबरोबर रस्सा फुकट असतो, तसा इथे टोस्ट असणार!

झालं! नानांना ठिकाण मिळालं. रोज सकाळी साडेनऊला जायचं, खिडकीशी बसायचं, गावाकडच्या लोकांना पत्रं लिहायची. दोन-दोन तास! मोबाइल आहे हो, पण पोस्टमन पत्रच लिहिणार! लोरेटा येता-जाता विचारायची, "आज कुणाला?" नाना सांगायचे, "टू माय ब्रदर." नानांचं इंग्रजी सगळं पोस्टातलं — रजिस्टर, अर्जंट, ॲड्रेसी लेफ्ट, म्हणजे पत्त्यावरचा माणूस गाव सोडून गेला! पण माणुसकीला व्याकरण लागत नाही. ती तिच्या आईबद्दल सांगायची — आई नव्वदीची, अंथरुणाला खिळलेली, घरी हीच एकटी बघणारी. नानांना अर्धं समजायचं, अर्ध्याला ते मान हलवायचे.

निघताना काय करायचे? बिल काउंटरवर चुकतं करायचे. मग लोरेटाकडे वळून, सगळ्या हॉटेलादेखत, दोन्ही हात जोडून खाली मान घालून नमस्कार! आणि बाहेर.

बाकीची गिऱ्हाइकं उठताना टेबलावर पैसे ठेवून जायची. नानांना दिसत नव्हतं का? चांगलं दिसत होतं! पण त्यांना तिची कीव यायची. मनात म्हणायचे, 'हे सगळे हिला वाकवतात. निदान एक माणूस तरी हिला ताठ मानेनं वागवतो — तो मी!'

पाच आठवडे, मंडळी! पाच आठवडे हा माणूस रोज दोन तास टेबल अडवून बसला, आणि मनात समाधान — की मी या बाईचा सन्मान करतोय!

आता तुम्ही म्हणाल, बुवा, त्यांचा भाव तर चांगला होता! होता की! भावाबद्दल माझं काही म्हणणंच नाही. पण तुमचा भाव तुमच्या छातीत असतो, आणि समोरच्याला दिसतो तुमचा हात! — हं, आबासाहेब, इथे सूर द्या!

एका रविवारी नाना वैजूला म्हणाले, "चल, तुला माझं हॉटेल दाखवतो. माझी ओळख आहे तिथं." मोठ्या ऐटीत घेऊन गेले. लोरेटा आली. नानांनी उभं राहून ओळख करून दिली, "माय डॉटर!" लोरेटा हसली. कॉफी आली, अंडी आली, टोस्ट आला. नाना तर यजमान असल्यासारखे — "घे की वैजू, लोणी घे!"

खाणं झालं. नाना काउंटरवर बिल द्यायला गेले. परत येऊन बघतात, तर वैजूनं कपाखाली काही नोटा सरकवलेल्या.

"हे काय गं?"

"टिप आहे, नाना."

"उचल ते!"

"अहो —"

"वैजू, उचल म्हणतो ना! ती आपल्या ओळखीची बाई आहे. रोज आईची खुशाली सांगते मला. तिच्यापुढं पैसे टाकतेस? भीक घालतेस तिला?"

आणि लेक काही बोलायच्या आत, मंडळी, नानांनी हात घातला, कप सरकवला, आणि त्या नोटा उचलल्या!

उचलल्या, मुठीत धरल्या, मान वर केली — तर समोर लोरेटा! हातात कॉफीची किटली. दोन पावलांवर. तिनं सगळं पाहिलेलं.

तिला मराठी येत नव्हतं. काय बोलणं झालं, ते तिला कळलं नाही. तिला एवढंच दिसलं, की लेकीनं ठेवलेले पैसे बापानं उचलले.

क्षणभर तिचा चेहरा असा झाला — कसा सांगू? कामावरून दमून आलेल्या बाईच्या तोंडावर दार लावलं, तर होईल तसा. पण दुसऱ्या क्षणी ती हसली. म्हणाली, "असू दे, हनी. काळजी करू नका." आणि लंगडत लंगडत पुढच्या टेबलाकडे गेली.

नानांना वाटलं, बघ! किती समजूतदार बाई! त्यांनी तिच्या पाठीला नमस्कार केला आणि बाहेर पडले.

गाडीत बसले. वैजू गाडी चालू करेना. दोन्ही हात चाकावर, आणि डोळ्यांत पाणी.

"काय झालं गं?"

"नाना, तुम्ही पाच आठवडे रोज इथे येता. एकदा तरी काही ठेवलंत?"

"एक छदाम नाही! अभिमानानं सांगतो."

"नाना!" ती म्हणाली, "अहो, तिला मालक पुरा पगार देतच नाही! इथला कायदाच तसा आहे. अर्ध्यावर ठेवतात, आणि बाकीचा पगार गिऱ्हाइकानं टेबलावर ठेवायचा असतो. शंभराचं खाल्लं तर अठरा-वीस तिचे. ती बक्षिसी नाही, नाना. ती तिची मजुरी आहे! खिडकीचं ते टेबल म्हणजे तिचं शेत आहे. त्यात रोज दोन तास तुम्ही बसलात, आणि ते पडीक ठेवलंत!"

नानांनी मूठ उघडून पाहिली. नोटा अजून तिथेच.

"आणि आज तर मी ठेवलेले उचललेत. तिच्या डोळ्यांदेखत!"

मंडळी, गाडीत दोघंच. बाहेर लख्ख ऊन. मग नाना बोलले. आणि जे बोलले, ते वैजूनं जन्मात ऐकलं नव्हतं.

"वैजू, तुझे आजोबा कोल्हापूरला एका लॉजवर ओझी उचलायचे. तुला ठाऊक आहे. माझी मॅट्रिकची परीक्षा झाली, तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो होतो. एका बड्या गिऱ्हाइकाच्या चार ट्रंका त्यांनी गाडीपर्यंत नेल्या. गाडी सुरू झाली, आणि त्यानं काचेतून नाणं फेकलं. ते गटारात पडलं. माझ्या बापानं बाही वर केली आणि गटारात हात घातला. मी समोर उभा. ते माझ्याकडे बघून हसले, म्हणाले, धुतलं की चालतं रे. — त्या दिवशी मी ठरवलं. कुणाकडून घ्यायचं नाही. आणि कुणाला असं वाकवायचं नाही."

वैजूनं डोळे पुसले. बापाच्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "नाना, त्यानं फेकलं होतं. इथे ठेवतात. फेकणं निराळं, ठेवणं निराळं. अहो, माझी एक मैत्रीण जपानला गेली होती. तिनं असेच टेबलावर ठेवले, तर वाढणारी मुलगी रस्त्यावर धावत आली, पैसे परत द्यायला! तिथे ठेवलं तर चूक. इथे नाही ठेवलं तर चूक. देशोदेशीची रीत असते, नाना. आपण पाहुणे. आपण विचारायचं असतं."

विचारायचं असतं! अहो, आपल्याला सगळं येतं. दान येतं, धर्म येतो, भांडण येतं — विचारणं तेवढं येत नाही! परगावी रस्ता चुकला तरी आपण विचारत नाही. गाडी पुढे नेतो, म्हणतो, येईल कुठेतरी! बघा, मागच्या रांगेत काही पुरुष मंडळी हसली, आणि त्यांच्या बायका जास्त हसल्या. म्हणजे अनुभव आहे!

त्या दिवशी नाना जेवले नाहीत. संध्याकाळी पेटी उघडली. पेन्शनमधून बाजूला काढलेले, डॉलर करून आणलेले पैसे होते. कशासाठी? तिकडे एक जगप्रसिद्ध मोठा धबधबा आहे. बसनं लोक बघायला जातात. काकू हयात असताना कॅलेंडरवर त्याचं चित्र होतं, आणि काकू म्हणायच्या, "एवढं पाणी! बघून तरी या कधी." म्हणून ते पैसे. नानांनी ते सगळेच्या सगळे एका पाकिटात घातले. वर पत्र लिहिलं. तीनदा खोडलं, चौथ्यांदा जमलं. पोस्टातलं इंग्रजी! "रिस्पेक्टेड मॅडम, आय बेग टू स्टेट —" म्हणजे, विनंतीपूर्वक कळवतो, की मी अडाणी होतो, वाईट नव्हतो.

सकाळी गेले, तर लोरेटा नाही! दुसरी बाई म्हणाली, "ती आज-उद्या रजेवर आहे. आईजवळ." दोन दिवस! दोन दिवस ते पाकीट नानांच्या कोटाच्या खिशात. तेहतीस वर्षांत कुणाचं टपाल एक दिवस उशिरा दिलं नाही, आणि स्वतःचं पत्र पोचवता येईना!

बुधवारी गेले. लोरेटा होती. किटली घेऊन आली, कप भरला. हसलीही. पण ते हसू कसं? गिऱ्हाइकाला द्यायचं हसू. 'आज कुणाला पत्र' असं काही तिनं विचारलं नाही.

नाना उठून उभे राहिले. दोन्ही हातांनी पाकीट पुढे केलं. म्हणाले, "अर्जंट. रजिस्टर. फॉर यू."

तिनं चष्मा लावला. पत्र वाचलं. पाकिटात पाहिलं. आता तुम्हाला काय वाटतं? तिचे डोळे भरून आले, तिनं पाकीट छातीशी धरलं, आणि गोष्ट संपली? — नाही! तिचा चेहरा लालबुंद झाला. पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "हे मी घेणार नाही."

"का?"

"हे फार आहे. ही टिप नाही, हे दान आहे. मी काम करते, साहेब. माझी कीव करू नका."

बघा! बघा हो माणसाची फजिती! दिलं नाही तेव्हा ती दुखावली. आता भरभरून दिलं, तर जास्तच दुखावली! नाना खुर्चीत बसले. त्यांना इंग्रजी सुचेना. शेवटी हात जोडले आणि एवढंच म्हणाले, "आय नॉट नो. प्लीज. टीच मी." मला ठाऊक नाही. मला शिकवा.

मंडळी, तेहतीस वर्षं सगळ्या मुलखानं ज्याला मान दिला, तो माणूस हॉटेलातल्या बाईला म्हणाला — मला शिकवा! त्या एका वाक्यानं जे झालं, ते पाकिटभर नोटांनी झालं नव्हतं.

लोरेटानं किटली खाली ठेवली. समोरच्या खुर्चीत बसली. गुडघा चोळत म्हणाली, "खरं सांगू? मला राग आला होता. रविवारी घरी जाऊन मी आईला सगळं सांगितलं. पण त्याआधी तुमचा राग कधीच आला नव्हता. कारण मला वाटायचं, तुम्ही गरीब आहात."

"गरीब? मी?"

"एकच कोट रोज घालता. एकच कॉफी मागता. पैसे मोजून देता. आणि जाताना हात जोडता. मला वाटलं, बिचाऱ्याकडे ठेवायला काही नाही, म्हणून हात जोडतो. म्हणून तर तुमच्या टोस्टचे पैसे मी बिलात लावत नव्हते. ते मी माझ्याकडून भरत होते."

आं? काय म्हणाली? टोस्टचे पैसे कोण भरत होतं? लोरेटा!

म्हणजे मंडळी, ज्या माणसानं जन्मात कुणाची बक्षिसी घेतली नाही, म्हातारीची नोट सायकल थांबवून परत दिली — तो माणूस पाच आठवडे रोज सकाळी एका वाढणाऱ्या बाईची बक्षिसी खात होता! तीही लोणी लावून!

 आणि मग नानांना हसू फुटलं. पोटातून! ते तिला सांगायला लागले — सायकल, मनीऑर्डर, म्हातारी, गूळपाणी — हातवारे करून, मोडक्या-तोडक्या इंग्रजीत. तिला किती कळलं, तिलाच ठाऊक. पण तीही हसायला लागली. इतकी, की चष्मा काढून डोळे पुसले. तिला दया आली म्हणून ती देत होती, यांना आदर वाटला म्हणून हे देत नव्हते! दोघांचं मन सोन्याचं, आणि दोघांचा हिशेब साफ चुकलेला! का? विचारलंच नव्हतं कुणी कुणाला!

मग लोरेटानं शिकवलं. "बिल बघा. त्याचा पाचवा हिस्सा माझा. कॉफी एकच, पण बसलात दोन तास, तर थोडं वर. हातात देऊ नका, कपाखाली ठेवा. बस, एवढंच. मागचं मागे राहू दे."

"आणि टोस्ट?" नानांनी विचारलं.

"टोस्ट मी माझ्या मर्जीनं दिला. ते तुमचं ते — काय म्हणालात? गूळपाणी!"

नानांनी पाकिटातून तेवढेच पैसे काढले, कपाखाली ठेवले. लोरेटा उठली. तिनं ते उचलले, ॲप्रनच्या खिशात घातले, ताठ उभी राहून. आणि उरलेलं पाकीट नानांच्या कोटाच्या खिशात स्वतः सरकवलं. "यातून धबधबा बघून या," म्हणाली. "बायकोनं सांगितलंय ना?" पत्रात नानांनी तेही लिहिलं होतं! पोस्टमन — कुठलीही बाब वगळायची नाही!

नाना धबधबा बघून आले. प्लॅस्टिकचा रेनकोट घालून अगदी खाली उभे राहिले, आणि काकूंचं नाव घेतलं. पाण्याच्या आवाजात कुणालाच ऐकू जाणार नव्हतं, म्हणून मोठ्यानं घेतलं.

पुढे काय झालं? त्या गावात आपली मराठी माणसं होती. मुलांकडे आलेले आठ-दहा सासू-सासरे शनिवारी जमायचे. नानांनी त्यांना ही गोष्ट सांगितली. आपली फजिती स्वतःच्या तोंडानं! त्यात देवधर म्हणून एक निवृत्त वकील. ते म्हणाले, "नाना, तुमचं आधीचं तत्त्वच बरोबर होतं! उदात्तही आणि स्वस्तही!" सगळे हसले. नाना म्हणाले, "वकीलसाहेब, स्वस्त पडतं तेव्हाच तत्त्व तपासून घ्यावं." देवधरांचं हसू तिथेच थांबलं. पुढच्या बुधवारी ती सगळी मंडळी लोरेटाच्या टेबलांवर न्याहारीला गेली. देवधरांनी कपाखाली ठेवले, मग बशी उचलून आणखी थोडे ठेवले, आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहिलं! तिथून दर बुधवारी जायची रीत पडली. त्या वाढलेल्या कमाईतून लोरेटाला आईसाठी आठवड्यातून एक दिवस मदतनीस ठेवायची सोय झाली. आपल्या बायका तिला भेटायला घरी जाऊ लागल्या. म्हाताऱ्या आईला मऊ भात आवडला म्हणे!

तर, मंडळी, प्रश्न काय होता? द्यावं की देऊ नये? बघा, उत्तर त्यात नव्हतंच. आपण आपल्या मापानं मान देतो आणि म्हणतो, घे! पण समोरच्याच्या अंगाला तो बसतो का, हे कोण बघणार? कुणाला पैसा हवा असतो. कुणाला पैसा दिला तर राग येतो. कुणाला नुसतं 'बसा' म्हटलेलं हवं असतं. आपल्याला कसं कळणार? विचारल्याने आपला मान जात नाही; न विचारल्याने दुसऱ्याचा जातो. परदेशाचं सोडा, इथे बघा! घरी गॅसचं सिलिंडर कोण आणून देतं? बाळंतिणीला रात्रंदिवस कोण बघतं? लग्नात जिलबी वाढणाऱ्याच्या ताटात काय पडलं, कुणी पाहिलं? मीसुद्धा पाहिलेलं नाही. तुमच्यातलाच मी!

आता एक करा. मान वळवा आणि मागे बघा. — अहो, बघा तरी! खांबाशी तिघं उभे आहेत. हा मांडव त्यांनी बांधलाय. कालपासून राबतायत. कंत्राटदार त्यांची मजुरी देईल, मला ठाऊक आहे. पण मी कीर्तनाला उभा राहिल्यापासून ते उभेच आहेत, आणि आपण त्यांच्या मांडवात मांडी घालून दानाची गोष्ट ऐकतोय! काय द्यावं त्यांना? तुम्ही मनात ठरवायला लागलात ना? थांबा! ठरवू नका. विचारू या.

ओ दादा! निळा शर्ट! हो, तुम्हीच. तुम्हाला काय हवंय? — लाजू नका, मोठ्यानं सांगा.

ऐकलंत, मंडळी? म्हणतात, "बुवा, जरा टेकायला जागा मिळाली तर बरं. पाय भरून आलेत."

मग सरका की! इकडे, पुढे, माझ्यासमोर करा जागा. सतरंजी ओढा. पाटीलसाहेब, तुम्हीसुद्धा थोडे डावीकडे. — या दादा, या तिघंही. चपला असू देत तिथेच, कुणी नेत नाही.

मी थांबलोय. देवही थांबलाय, त्याला कसली घाई? बसले? नीट बसलात ना दादा? पाय लांब केलेत तरी चालतील.

हं. आता टाळ उचला आणि सगळे मिळून देवाचं नाव घ्या!